धिरयो कायदेशीर करा म्हणणाऱ्यांनो, आधी कायदा वाचा

वाळपईकर

काल रात्री गावच्या ग्रुपवर एक पाल्हाळिक मजकूर येऊन पडला. तमिळनाडूला जल्लीकट्टू चालते, महाराष्ट्राला बैलगाडा शर्यत चालते, कर्नाटकाला कंबळा चालतो, मग आमच्या गोव्यातल्या धिरयोनेच, म्हणजे बैलांच्या झुंजीनेच, काय घोडे मारले? कायदा बदला, धिरयो सुरू करा. शेवटी 'खरा गोंयकार असशील तर दहा जणांना पाठव'. मी एकालाही पाठवला नाही. उत्तर लिहायला घेतले तर अ‍ॅडमिनने, म्हणजे माझ्याच चुलतभावाने, 'चवथ तोंडावर आलीय, वाद नको' म्हणून गप्प बसवले. चवथीचा आणि बैलांच्या झुंजीचा काय संबंध ते त्यालाच ठाऊक. तर ते उत्तर इथे.

पहिले म्हणजे तुलनाच फसवी आहे. जल्लीकट्टूत माणूस बैलाच्या वशिंडाला लोंबकळतो. शर्यतीत आणि कंबळ्यात जनावर धावते. त्यातही हाल होतातच, पण ते तूर्त बाजूला ठेवू. धिरयोत एक बैल दुसऱ्याच्या अंगावर घालायचा आणि एकाने पाठ दाखवेपर्यंत सभोवती उभे राहून ओरडायचे. सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०२३ ला या तीन राज्यांच्या दुरुस्त्या उचलून धरल्या, त्या या तीन खेळांसाठी. जनावरांची आपसातली झुंज त्यात नव्हती.

दुसरे, 'बंदी उठवा' म्हणता, ती बंदी आहे कुठे? डिसेंबर १९९६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने धिरयो बंद केल्या. निमित्त झाले होते माणसाच्या मृत्यूचे, बैलाच्या नव्हे. त्यानंतर दक्षिण गोव्यातल्या सासष्टीत धिरयो थांबल्या असे छातीवर हात ठेवून सांगणारा एक इसम मला दाखवा. पूर्वी चर्चच्या फेस्ताच्या दिवशी उघड्यावर व्हायच्या, आता पहाटे शेतात होतात आणि दुपारपर्यंत मोबाईलवर येतात.

तिसरे, शिक्षा. प्राण्यांच्या छळाचा १९६० चा जो कायदा आहे त्याच्या कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याला दंड किती? १० ते ५० रुपये. तीन वर्षांच्या आत पुन्हा पकडला गेला तर २५ ते १००, फार तर तीन महिने कैद. पन्नास रुपयांत आज मडगावात धड रोस ऑम्लेट येत नाही. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात, एरवी एकमेकांना बोलू न देणारे आमदार धिरयोसाठी पक्षभेद विसरून उभे राहिले. त्यांना 'गुन्हा' हा शब्द पुसायचा आहे. दंडाचा आकडा बदलावा असे त्यातल्या एकालाही वाटले नाही.

मडगावचा भाडेकरू

अरे वा, वाळपईकर साधू झाले. २००३ साली माझ्या कायनेटिकवर मागे बसून बाणावलीच्या शेतात कोण आले होते? आणि तांबड्या बैलावर शंभर रुपये लावून कोण हरले होते? ते शंभर अजून यायचे आहेत.

आता मुद्द्याचे. मी सासष्टीत बावीस वर्षे भाड्याने राहतो. माझ्या घरमालकाकडे धिरयोचा बैल होता. सकाळी उठून त्याला समुद्रावर न्यायचे, खाऱ्या पाण्यात पोहवायचे, अंग घासायचे, उडीद भिजवून घालायचे. बैलाने खाल्ल्याशिवाय म्हातारा चहा पीत नसे. त्याची बायको म्हणायची, माझे इतके लाड केले असते तर मीही शिंगे लावली असती. बैल हरला की कसायाकडे जातो असे तुम्ही लोक सांगत फिरता. हा दोनदा हरला आणि माडांत बांधल्या जागी म्हातारा होऊन मेला. म्हाताऱ्याने त्याला तिथेच पुरला. गोरक्षणाच्या घोषणा देणाऱ्या किती जणांनी आपले जनावर असे सांभाळले?

आणि कायद्याचे सोवळे मला सांगू नका. १९७६ च्या जुगारबंदी कायद्यात १३-अ कलम घुसडून मांडवीत कॅसिनोची जहाजे तरंगवता येतात. तिथे नैतिकता कुठे गेली? बाहेरच्याचा जुगार म्हणजे पर्यटन आणि गावच्या माणसाचा खेळ म्हणजे गुन्हा.

वाळपईकर

शंभर रुपये रविवारी घेऊन जा. आलो होतो, नाकारत नाही. वीस वर्षांचा होतो. त्या तांबड्याचे शिंग मुळापासून हलले होते आणि डोळ्यावर रक्त उतरले होते, तेही तुला आठवत असेल. की फक्त शंभरच आठवतात?

मडगावचा भाडेकरू

आठवते. पुढचे तीन महिने मालकाने त्याला हळद लावली तेही आठवते. तू बघायला परत आला नाहीस.

काळा कोट

दोघांचेही अर्धवट आहे, म्हणून लिहितो. फी घेणार नाही.

कलम ११ मध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत. करमणुकीसाठी जनावराला दुसऱ्यावर भडकावणे हे 'एम' खंडात येते. झुंजीसाठी जागा देणे, चालवणे, प्रवेशाचे पैसे घेणे हे 'एन' खंडात. आणि कलम ३१ प्रमाणे यातला 'एन' दखलपात्र आहे, 'एम' नाही. म्हणजे बैल सोडणाऱ्याला पोलीस वॉरंटाशिवाय हात लावू शकत नाहीत, पण शेताच्या मालकाला आणि आयोजकाला उचलू शकतात. म्हणून तर धाड पडली की बैलवाले आरामात जातात आणि ज्याच्या शेतात झाले तो 'मला विचारलेच नव्हते' म्हणतो.

वाळपईकरांची तुलना बरोबर आहे, निष्कर्ष घाईचा आहे. प्राण्यांवरील क्रौर्य रोखणे हा समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांचाही विषय, नोंद १७. विधानसभेने दुरुस्ती केली आणि अनुच्छेद २५४(२) खाली राष्ट्रपतींची संमती मिळाली तर ती राज्यापुरती चालते. तमिळनाडूने २०१७ मध्ये तेच केले. २०२३ च्या निकालात न्यायालयाने परंपरा आहे की नाही हे ठरवायचे काम विधिमंडळावर सोडले, हे धिरयोवाल्यांच्या बाजूचे. पण त्याच निकालात दुरुस्तीमुळे वेदना बऱ्याच कमी होतात याला वजन दिले आहे, आणि धिरयोतली वेदना कमी करायची म्हणजे नक्की काय करायचे? शिंगांना टोप्या घालायच्या?

आसामकडे बघा. तिथल्या सरकारने २०२३ मध्ये रेड्यांच्या आणि बुलबुलांच्या झुंजींसाठी नियमावली काढली. डिसेंबर २०२४ मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाने ती रद्द केली. नुसत्या सरकारी कागदावर केंद्राचा कायदा वाकत नाही. गोव्यात कुणी 'अधिसूचना काढू' म्हणत असेल तर तो तुम्हाला किंवा स्वतःला फसवतो आहे.

तेरेखोलकाठ

हा विषय मुळात सासष्टीचा. पेडणे, सत्तरीच्या लोकांनी डोके का फोडून घ्यायचे? ती आपली संस्कृतीच नाही.

मडगावचा भाडेकरू

नदी ओलांडून सिंधुदुर्गात ये, झुंजी लावणारे सगळे तुझ्याच आडनावाचे निघतील. बैलाला धर्म आणि तालुका चिकटवू नकोस.

तेरेखोलकाठ

मी धर्माचे नावही काढले नाही. तुझ्याच मनात होते ते.

निवृत्त मास्तर

भांडू नका रे. एक गोष्ट कुणीच बोलले नाही. माझ्या लहानपणी प्रत्येक घरी जोत होते. पॉवर टिलर आला आणि बैल गेला. आज गाय व्याली आणि पाडा, म्हणजे नर वासरू, झाला की घरात सुतक पडल्यासारखे होते. चार महिन्यांनी तो पाडा रस्त्यावर. ही जी भटकी गुरे फोंड्यापासून काणकोणपर्यंत हमरस्त्यावर बसलेली दिसतात, त्यांतले नर मोजा. धिरयो नियमात बसवून सुरू केल्या, डॉक्टर ठेवला, वेळ मर्यादित केली, तर निदान पाड्याला मालक मिळेल. मी धिरयोचा भक्त नाही. पण दाव्याला बांधलेला आणि वर्षातून दोनदा झुंजणारा बैल बरा की प्लास्टिक खाऊन पोट फुगलेला?

रात्रपाळी

मास्तर, माफ करा, पण भटक्या गुरांचे नाव काढलेत म्हणून बोलतो. धिरयो सुरू करा नाहीतर बंद करा, मला फरक पडत नाही.

दोन वर्षांपूर्वी कुंडईहून पाळी संपवून रात्री दीड वाजता घरी येत होतो. पाऊस थांबला होता, डांबर ऊबदार, माशा नाहीत, गुरे तिथेच येऊन बसतात. वळणावर काळा बैल. काळा रस्ता, काळा बैल, समोरून ट्रकचा उजेड. गळ्याचे हाड मोडले, आत पट्टी घातली, तीन महिने पगार नाही. बैल सकाळपर्यंत तडफडून मेला. त्याच्या कानाला भोक होते, बारा अंकी नंबरचा पिवळा बिल्ला नव्हता. कापून काढलेला. मालक कोण हे सगळ्या वाड्याला माहीत होते, पण विचारायला गेलो तर 'आमचा नव्हे'. माझ्या स्कूटरला विमा होता, बैलाला नव्हता, मग भरपाई कुणाकडे मागायची? पंचायतीत गेलो तर म्हणाले कोंडवाड्याचा ठराव झाला आहे. ठराव झाला आहे म्हणजे कोंडवाडा झालेला नाही, हे कळायला मला आठवडा लागला.

तुम्ही लोक शिंग हलले की नाही यावर रडता. आधी रस्त्यावर गुरे सोडणाऱ्याला आत टाकणारा कायदा करा.

काळा कोट

कायदा आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम २९१. आपल्या ताब्यातल्या जनावराची पुरेशी काळजी न घेतल्याने माणसाच्या जिवाला धोका झाला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या दंडसंहितेत हेच २८९ होते आणि दंड हजारावर अडकलेला होता. १ जुलै २०२४ पासून पाच हजार झाला. अडचण कलमाची नाही, 'आपल्या ताब्यातले' हे सिद्ध करण्याची आहे. बिल्ला कापला की ताबा संपला.

रात्रपाळी

म्हणजे ज्याने बिल्ला कापला तो हुशार आणि माझे हाड फुकट.

काळा कोट

कायद्याच्या भाषेत हो.

गोठेकरीण

मघापासून वाचते आहे. सगळे पुरुष, सगळ्यांना गुरांतले कळते, शेण कुणी काढले आहे ते दिसत नाही.

माझ्याकडे चार गाई. दोन संकरित, दोन गावठी. पाडा झाला की पहिले दोन-तीन महिने तो रोज दोन-तीन लिटर दूध पितो. ते दूध मी विकलेले नसते. पेंडीच्या गोणीचा भाव दर पावसाळ्याला वाढतो, दुधाचा भाव विचारायला गेले की 'बैठकीत ठरेल'. संकरित पाड्याला वशिंड नसते, जू बसत नाही, आणि बसले असते तरी नांगरायचे कुठे? विकायचा तर कुणाला? विचारणारे दहा, नेणारा एक नाही. गाडीत घालावा तर वाटेत कोण अडवेल आणि काय समजेल याचा नेम नाही. सोडला की तुम्ही मला गुन्हेगार म्हणणार. बांधला तर खायला तुम्ही घालणार का? सकाळी चहात दूध सगळ्यांना लागते. पाडा कुणालाच नको.

कालवडीच होतील अशी रेतमात्रा निघाली आहे, दहात नऊ वेळा कालवड म्हणतात. माझी गाय तीनदा भरवली. दोनदा राहिली नाही. तिसऱ्यांदा राहिली आणि झाला पाडा. तो दहावा माझ्याच नशिबी होता.

आणि मास्तर, तुमच्या धिरयोवाल्यांना माझा पाडा नको असतो. त्यांना हवा जाड मानेचा, रुंद कपाळाचा निवडलेला खोंड, त्याचा भाव लाखात. माझ्या मळकट पाड्याकडे ते ढुंकूनही बघायचे नाहीत. धिरयोने भटकी गुरे कमी होतील हे शहरात बसून सुचते.

निवृत्त मास्तर

मी शहरात बसलेलो नाही, बाय. मी डिचोलीत राहतो. पण खोंडाच्या भावाचे म्हणतेस ते खरे असेल. मी इतका खोलात गेलो नव्हतो.

रात्रपाळी

म्हणजे तुम्ही पाडा रस्त्यावर सोडता हे कबूल करता आहात?

गोठेकरीण

एकदा सोडला. चार वर्षांपूर्वी. तीन रात्री झोप लागली नाही, चौथ्या दिवशी शोधायला गेले, सापडला नाही. बिल्ला कापला नव्हता. आता घाला मला आत.

रात्रपाळी

तुम्हाला नाही म्हटले मी.

गोठेकरीण

मग कुणाला म्हटले? सोडणारे सगळे माझ्यासारखेच असतात. दुसरी जात नाही त्यांची.

वाळपईकर

मंडळी, विषय धिरयोच्या कायद्याचा होता. मूळ मुद्दा असा की…

तेरेखोलकाठ

मूळ मुद्दा आता हाच आहे. तुमचा मुद्दा ग्रुपवर टाका, चुलतभाऊ वाट बघतो आहे.

मडगावचा भाडेकरू

हे बघा, वाळपईकरांना दंड वाढवायचा आहे, रात्रपाळीला तुरुंग हवा आहे, वकिलाला ताबा सिद्ध करायचा आहे. सगळ्यांचा राग शेवटी गोठ्यावर येऊन पडतो. धिरयोचा मालक निदान बैल विकत घेतो आणि पोसतो. तुमच्या दयेने आजवर एक पाडा पोसला आहे का?

काळा कोट

युक्तिवाद चांगला आहे. पुरावा म्हणून एकच बैल आहे, तुमच्या घरमालकाचा, आणि तो मेला आहे.

मडगावचा भाडेकरू

कोर्टात मेलेल्याची जबानी चालते म्हणतात.

काळा कोट

मरणापूर्वी दिलेली असली तर.

वाळपईकर

ठीक. मी एवढे मान्य करतो की दंड पन्नासचा पन्नास हजार केला तरी ताई म्हणतात त्या पाड्याचे काही होत नाही. केंद्राने २०२२ मध्ये कायदा बदलायचा मसुदा काढला होता, त्यात शिक्षा वाढवल्या होत्या, तोही तिथेच राहिला. तो आला असता तर कदाचित आधी ताईच अडकल्या असत्या आणि धिरयोवाले सुटले असते. पण म्हणून झुंज लावणे बरोबर ठरत नाही. एका अन्यायावर दुसऱ्याची चटणी कशाला?

मडगावचा भाडेकरू

हे मान्य करायला तुला एवढे पानभर लागले. बरे, मीही एक मान्य करतो. पैजा आल्या आणि खेळ बिघडला. पूर्वी फेस्ताला धिरयो व्हायची, जिंकलेल्या बैलाच्या मालकाला गावात मान मिळायचा, बस्स. आता मुंबईहून आणि कुठून कुठून फोनवर पैसे लागतात, म्हणून बैलाला काय काय पाजतात ते मी बघितले आहे. ते मला आवडत नाही. पण त्याचा उपाय कायदेशीर करून नजरेखाली आणणे हाच.

रात्रपाळी

कॅसिनोही नजरेखालीच आहेत.

मडगावचा भाडेकरू

आता हा मला माझ्याच काठीने मारतोय.

निवृत्त मास्तर

बाय, तो दहावा पाडा आहे का अजून?

गोठेकरीण

आहे की. सव्वातीन महिन्यांचा. पांढरा, कपाळावर तांबडा ठिपका. दूध तोडले आहे, पेंढा खायला लागला आहे. नेतो कुणी?

मडगावचा भाडेकरू

माझ्या घरमालकाच्या मुलाचे माड आहेत, जागा आहे, गोठा रिकामा आहे. बापाची आठवण म्हणून एक बैल हवा म्हणतो. संकरित असला तरी मान बरी आहे का?

वाळपईकर

म्हणजे दोन वर्षांनी व्हिडिओत बघू त्याला.

गोठेकरीण

मान बरी आहे. रविवारी या, दावे आपले आणा, माझे देणार नाही. आणि अजून लहान आहे, थोडा मोठा होईपर्यंत मीच ठेवते, डॉक्टरांना बोलावून खच्ची करून घेते आणि मगच देते. मग झुंजवा काय झुंजवता.

मडगावचा भाडेकरू

रविवारी जमेल असे वाटत नाही. फेस्त आहे.

वाळपईकर

शंभर रुपये घ्यायलाही नाही?

मडगावचा भाडेकरू

ते गूगल पे कर.